पाटाचं दार

नवबोग, १२ मार्च १९८९

मेजरसाहेब,

सलाम. उभा असशील तर आधी बस. तुझा ‘खडकावरचा जर्दाळू’ मी आमच्या ताजिक भाषेत उतरवला आणि परवा तो आमच्या प्रांताच्या पेपरात छापून आला. पान भरून! तुझ्या नावापुढे ‘निवृत्त मेजर, सुरुंग पथक’ असंही घातलंय, म्हणजे वाचणारा घाबरून शेवटपर्यंत वाचेल. कात्रण शाळेच्या फलकावर लावलंय. माझ्या वर्गातली मुलं विचारतात, नियोज मुअल्लिम, हा माणूस खरंच बॉम्ब निकामी करायचा? मी म्हणतो, करायचा, आणि आता मडकी पुरतो.

चार वर्षांपूर्वी तुला पहिलं पत्र लिहिलं ते भांडायला, आठवतं ना? दोन झाडांत तू इतकं अंतर सुचवलं होतंस की मधे लग्नाचा मांडव पडावा. म्हटलं, कोण हा किरगिझ फौजी, काबूलहून येऊन आम्हाला जर्दाळू शिकवणार! आमचे आजे-पणजे जिथे बिया थुंकले तिथे बागा झाल्या. आता त्याच फौजीचं लिखाण मी रात्रंदिवस डोकं खाजवत भाषांतरित करतो. म्हातारपण दुसरं काय!

मथळा तेवढा संपादकाने बदलला. ‘अर्ध्या पाण्यात बाग’ असा केला. म्हणाला, खडकाचं नाव वाचून लोक पान उलटतात. मला तर आवडला. घरी अनारला माझा सलाम सांग.

तुझा,
नियोज


कोक-जार, २० मार्च

नियोज आके,

सलाम. तुम्ही घेतलेले कष्ट मला कळतात, म्हणून आधी आभार. पण कात्रण बघितल्यापासून मला घास गिळवत नाहीये.

मी ‘अर्ध्या पाण्यात बाग’ असं कुठेही लिहिलेलं नाही. मी लिहिलंय की रोपाशेजारी मडकं पुरलं, वर दगडांचं आच्छादन केलं, तर पहिली दोन-तीन वर्षं रोपाला निम्मं पाणी पुरतं. रोपाला. गव्हाला नाही, लसूणघासाला नाही, आणि मेंढीशेजारी मडकं पुरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. आके, तुम्ही थोरल्या भावासारखे म्हणून सांगतो, आपला पाट एकच आहे. वर आम्ही, खाली तुम्ही. चार दिवस पाणी आमचं, चार दिवस तुमचं, आणि तरी दर जूनला दोन्हीकडची डोकी फुटतात. यंदा बर्फ कमी पडलंय. दोन्ही प्रजासत्ताकांनी मिळून पाण्याची समिती नेमलीय, ती पुढच्या महिन्यात येतेय. अशा वेळी वरच्या गावचा माणूस स्वतःच म्हणतो की अर्धं पाणी पुरतं, असं छापलेला कागद कुणाच्या हाती लागला तर?

तेवढी दुरुस्ती छापून आणा. दोन ओळी पुरतील. हवं तर माझ्या नावाने शिव्या घालून छापा.

तुमचा,
एरगेश


नवबोग, १५ एप्रिल

मेजरसाहेब,

तू सैन्यात इतकी वर्षं पायाखाली बघत चाललास, की आता सतरंजीवरही जपून पाय टाकतोस. संपादकाला फोन केला. तो म्हणाला, दुरुस्ती म्हणजे काही बातमी नाही. मी जास्त ताणलं नाही.

समिती मात्र येऊन गेली, आणि चांगली माणसं होती. आमच्या सामूहिक शेताच्या अध्यक्षाने पुलाव केला होता. जेवताना त्यांच्यातला प्रमुख, जाडा चष्मेवाला, त्याने फाइल उघडली, तर आत तुझं कात्रण! मला वाटलं, ऊर फुटेल माझा. मी म्हणालो, ‘हे भाषांतर माझं आहे.’ त्याने विचारलं, ‘या माणसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल?’ मी म्हणालो, ‘साहेब, मेजर एरगेश जोरोबायेवचा शब्द म्हणजे शब्द. त्याची मोजमापं चुकत असती तर तो कधीच मेला असता.’ सगळे हसले. त्याने लिहून घेतलं.

बघ, तुझं नाव कुठवर गेलं! यंदा माझ्या बागेत बहर उशिरा आहे. तुझ्या वरच्या थंडीत काय हाल?

नियोज


कोक-जार, ९ मे

नियोज आके,

आज विजयदिन. दरवर्षी गावातली पोरं माझ्याकडून भाषण करवून घेतात आणि पदकं मोजतात. आज कोणी आलं नाही.

पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार बसलंय, हे तुम्हाला माहीतच असेल. ते तोंड आमच्या गावाच्याही वर, पण हद्द वेडीवाकडी म्हणून तुमच्याकडे येतं, आणि किल्लीही तुमच्याकडे. आमचे चार दिवस आता दोन झालेत. आमचा पाटकरी, कलमात नावाचा, हुकूम घेऊन आला आणि गावासमोर त्याने तो वाचला: ‘कोक-जार येथील प्रयोगशील शेतकरी ए. जोरोबायेव यांनी सिद्ध केल्याप्रमाणे.’ वाचून झाल्यावर कागदाची घडी करून त्याने माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘कागदावर पाणी वाचवलंस ना? आता हा कागदच पाज आमच्या मेंढ्यांना.’

मी जिल्ह्याला गेलो. तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं, लेख रोपांबद्दल आहे. त्याने मलाच माझा लेख वाचून दाखवला. ‘हे नाव तुमचंच ना?’ म्हटलं, ‘नाव माझं, मथळा माझा नाही.’ तो म्हणाला, ‘मथळ्याचं आम्ही बघत नाही.’ आणि तो बघत होता तो मथळाच!

गहू खालून पिवळा पडत चाललाय. गल्लीतून जाताना बायका दारं लोटून घेतात. काल कलमातचा मुलगा बेकतूर, ट्रॅक्टर चालवतो तो, चौघांना घेऊन आला. म्हणतो, ‘काका, आयुष्यभर सुरुंगच हाताळलेत ना? एक आमच्यासाठी. दार उडवू, लोक तुम्हाला माफ करतील.’ मी त्याला हाकलून दिलं. आयुष्यभर जमिनीतून जे फुटायचं ते मी फुटू दिलं नाही. आता कुठे कोंब फुटण्याची वाट बघायला शिकलोय. पण त्याचे डोळे मला आवडले नाहीत. दगडखाणीत त्याची ओळख आहे.

तुम्ही समितीला पत्र लिहा. भाषांतर करणाऱ्याने लिहिलं तर ऐकतील.

एरगेश


नवबोग, १७ मे

एरगेश,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण मीही तुला एक सांगू? आमच्या शेवटच्या वाफ्यांना कित्येक वर्षांनी मे महिन्यात पाणी मिळालंय. माझी धाकटी मुलगी त्याच टोकाला राहते. परवा ती चारीत पाय सोडून बसली आणि रडली. मी आता समितीला काय लिहू? की हे पाणी माझ्या चुकीने आलंय, परत घ्या? लिहीन. जरा वेळ दे. इथे असं बोलणंसुद्धा सोपं नाही.

दाराबाबत तू कळवलंस ते बरं केलंस, पण तुमच्या पोरांच्या धमक्या इथपर्यंत आधीच आल्यात. अध्यक्षाने पहारा बसवलाय. दिवसा दोघे, रात्री चौघे. शाळेच्या मास्तरांनाही सोडलं नाही. शुक्रवारचा दिवस माझा. विचार कर, या वयात मी लोखंडी दाराची राखण करत बसतो! तिथे बसायला फळी टाकलीय, बरोब्बर दारावरच. खालून पाणी जातं, गार वाटतं.

तुझ्या पोरांना आवर, मेजर. तुझं ऐकतील ते.

नियोज


कोक-जार, २४ मे

आदरणीय नियोज मुअल्लिम,

आपलं पत्र पोचलं. आपण हल्ली पाकिटाला डिंक फार लावता. दोनदा चिकटवल्यासारखं वाटतं.

बागेविषयी एक कळवायचं आहे. कलमाचे डोळे भरायचं काम यंदा शुक्रवारी करू नये. माझ्या अनुभवात शुक्रवारी भरलेले डोळे जगत नाहीत. जून महिन्यात तर मुळीच नाही. त्या दिवशी आपण घरीच थांबावं, घरच्यांनाही पाटाकडे जाऊ देऊ नये. आपण मला वडिलांच्या जागी आहात म्हणून आग्रहाने लिहितो.

बाकी क्षेम.

आपला,
ए. जोरोबायेव


नवबोग, ३० मे

मेजरसाहेब,

तुला ऊन लागलंय का? ‘आदरणीय मुअल्लिम’! आणि शुक्रवारी भरलेले डोळे जगत नाहीत म्हणे! तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी. सालीखाली रस धावत असला की डोळा जगतो, त्याला वार कळत नाही. असल्या गोष्टी आमच्या मशिदीमागचा ताईतवाला सांगतो. मडक्यांचे प्रयोग करणारा माणूस असं लिहायला लागला म्हणजे कठीण आहे. एकटा पडलास म्हणून मन असं पोकळ झालंय का तुझं?

आणि मुद्दाम सांगतो: डोळे मी शुक्रवारीच भरणार, आणि तेही पहाऱ्यावर. दाराशेजारी तुतीची सावली आहे. चाकू, पट्ट्या, ओल्या फडक्यात फांद्या, सगळं घेऊन जातो. येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या, नऊ तारखेला. मग जगले किती ते तुला कळवतो. पैज लाव.

डिंकाचं कळलं नाही. मी तर जिभेनेच चिकटवतो.

नियोज


कोक-जार, ४ जून

नियोज आके,

ठीक आहे. नऊ तारखेला खुशाल बसा. मी उगाच काळजी केली. त्या दिवशी हवा स्वच्छ राहील, मी स्वतः बघेन.

गावाशी माझं पुन्हा जुळलंय. बेकतूर आणि मंडळी रोज घरी येतात, जेवतात. काल कलमातने पहिल्यांदा माझ्या हातचा चहा घेतला.

एरगेश


नवबोग, ११ जून

एरगेश जोरोबायेव,

हे शेवटचं पत्र.

गुरुवारी दुपारी तू दारापाशी आलास. पहाऱ्यावर माझा पुतण्या होता. तू म्हणालास, पाटात गाळ किती साठलाय बघतो. ‘मेजर एरगेश’ म्हणून पोरांनी तुला ओळखलं, फलकावरचं कात्रण वाचलेली पोरं ती. तुला सावलीत बसवलं, चहा दिला, भाकरी मोडून दिली. तू खाल्लीस. मग दाराखालच्या मोरीत उतरलास, चिखलाने माखून वर आलास, आणि त्यांचे आभार मानून गेलास.

शुक्रवारी मी फळीवर बसलो. डोळे भरत होतो, मूर्खासारखा, तुला कळवायचं म्हणून प्रत्येक फांदीला खूण करत होतो. दुपारच्या सुमाराला वरच्या वळणावर झुडपांत हालचाल दिसली. कोणीतरी तारेशी खटपट करत होतं. माझ्या जोडीदाराने आरडाओरडा केला, झुडपातली पोरं पळाली. तारेच्या मागोमाग आम्ही आलो तर तार माझ्याच फळीखाली शिरलेली! पोलीस आले. मोरीतून त्यांनी पिशवी काढली. मोठा शिपाई मला म्हणाला, ‘म्हाताऱ्या, हे उडालं असतं तर तुला गोळा करायला चाळण लागली असती. ओल लागली म्हणून वाचलास.’

म्हणजे ओल लागली म्हणून मी वाचलो. तुला माहीत होतं मी कुठे बसतो, कोणत्या दिवशी बसतो. मीच लिहिलं होतं. ‘खुशाल बसा’ म्हणून तू उत्तर दिलंस!

तुला जिल्ह्याला नेलंय असं कळलं. बरं झालं. उद्या माझी साक्ष आहे, असेल ते सगळं सांगणार आहे.

नियोज कोदिरोव


जिल्हा रुग्णालय, १८ जून

नियोज आके,

मी अनार, एरगेशची बायको. हे पत्र जिल्ह्याच्या टपालातून टाकतेय. इथे मी परिचारिका आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गावचं टपाल शामशीच्या हातात, शामशी कलमातचा मेहुणा. एप्रिलपासून तुमची-आमची सगळी पत्रं तो वाफेवर उघडून बेकतूरला वाचून दाखवत होता. तुमचं डिंकाचं कोडं हे.

तुम्हा शिकलेल्या माणसांना सरळ बोललेलं कळत नाही आणि आडून बोललेलं तर त्याहून कळत नाही. शुक्रवारी घरी बसा, पाटाकडे फिरकू नका, असं माझ्या नवऱ्याने लिहिलं. आणखी काय चित्र काढून पाठवायचं होतं? तुम्ही त्याला रसाचं आणि सालीचं व्याख्यान पाठवलंत!

काय झालं ते ऐका. बेकतूरने खाणीतून माल आणलाच होता. नऊ तारीख त्याने ठरवली, कारण तुमच्याच पत्रातून त्याला कळलं, त्या दिवशी पहाऱ्यावरच्या दोघांपैकी एक म्हातारा मास्तर असतो, तोही कलमं करण्यात गुंग. एरगेश त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले. तो म्हणाला, ‘तुम्ही नाही केलंत तर मी करतो. मला येतं थोडंफार.’ थोडंफार! पोलिसांना सांगावं तर गावातली पाच पोरं तुरुंगात जातील, आणि सहावा येऊन तेच करेल.

तेव्हा एरगेश त्याला म्हणाले, ‘मीच करतो. पण माझ्या पद्धतीने, कोणी मधे हात घालायचा नाही.’ गाव लगेच गोड झालं. कलमात घरी येऊन बसला, मेंढी कापली. माझ्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, पोरं ओसरीवर मटण खात होती आणि आत यांनी सुरुंगाची टोपी उघडली. टोपी म्हणजे ती बारीक नळी, जिच्याशिवाय सगळा माल नुसती पोतडी. आतली दारू काढली, माठाखालची ओली माती भरली, मेणाने तोंड बंद केलं. मी परात वाजवत होते, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मला म्हणाले, ‘अनार, आयुष्यात पहिल्यांदा काम बिघडवतोय, आणि हात बघ कसा स्थिर आहे.’

बेकतूरने तीनदा तार जोडली, तिन्ही वेळा काही नाही. गावाने यांना ‘भिजका सुरुंग’ नाव ठेवलं. हे मान खाली घालून म्हणाले, ‘ओल लागली असेल, वय झालं माझं.’ मग पोलीस आले. तुमच्या पोरांनी यांना मोरीत उतरताना बघितलेलंच होतं.

आता ऐका, आके. टोपी रिकामी होती हे ते कोणालाच सांगत नाहीयेत. तपास अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, ‘ओलीमुळे स्फोट झाला नाही.’ यावर दहा वर्षं होतील. कोठडीत भेटले तेव्हा म्हणाले, ‘सांगितलं तर गावाला कळेल मी त्यांना फसवलं. मग कोक-जारमध्ये तोंड कसं दाखवायचं?’ म्हणजे गावात नाव राहावं म्हणून ते तुरुंगात जाणार! मी म्हटलं, ‘तोंड दाखवायला आधी बाहेर तर या.’ ऐकत नाहीत.

मला नवरा हवाय, नियोज आके. गाव नसलं तरी चालेल. माझं कोणी ऐकणार नाही, मी बायको. तुम्ही त्या फळीवर बसला होतात. तुमचं ऐकतील.

अनार


नवबोग, ९ जुलै

अनार, बहिणी,

तुझं पत्र आलं त्याआधीच मी साक्ष देऊन बसलो होतो. सगळं सांगितलं होतं, चहा, भाकरी, मोरी, आणि सहीसुद्धा केली होती. तुझं पत्र वाचलं आणि उठून पेटी उघडली. त्याचं ते चोवीस तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. आता त्यातलं अक्षर न् अक्षर ओरडत होतं. मी केवढा बहिरा!

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेलो. तपास अधिकारी तरणा आहे, पोलादी दातांचा. म्हणालो, ‘माझी साक्ष अपुरी आहे. त्या सुरुंगाची टोपी उघडून बघा.’

‘कशाला? ओल लागली होती. लिहून झालंय.’

‘कोणी उघडली?’

‘कोण उघडणार? उडाली म्हणजे?’

‘म्हणजे न बघताच लिहिलंत. मी परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला शून्य देतो.’

त्याने मला बाहेर काढलं. मी पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशी परत बसलो. शिपाई म्हणाला, ‘आजोबा, घरी जा, तुम्ही तर फिर्यादी आहात.’ मी म्हणालो, ‘म्हणूनच बसलोय. ज्याला उडवायचं होतं तोच विचारतोय, खरंच उडवणार होतात का?’ शेवटी, बहुधा माझा खोकला ऐकून कंटाळले असावेत, छावणीतून एका तरुण लेफ्टनंटला बोलावलं. त्याने मागच्या अंगणात वाळूची पोती रचून टोपी उघडली. बाहेर आला तेव्हा हसत होता. हातात मातीचा वाळलेला गोळा, काडीएवढा. म्हणाला, ‘ही ओल नाही, ही कारागिरी आहे. ज्याने हे केलंय त्याला सुरुंग उडू द्यायचाच नव्हता. माझ्या पथकातल्या कोणालाही इतकं सफाईदार जमणार नाही.’

अधिकाऱ्याने सगळं परत लिहून काढलं. तार कोणी जोडली हे एरगेशने सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही म्हणतो.

गावाला कळणार, अनार. तू हे जाणूनच मला लिहिलंस, तरी पुन्हा सांगतो. बरोबरी व्हावी म्हणून माझंही ऐक. परतल्यावर मी आमच्या सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, हे पाणी आपल्याला चुकीच्या मथळ्यामुळे मिळालंय, आणि तो मथळा मला आवडला म्हणून मी गप्प बसलो. समितीलाही तसंच लिहिलं. अध्यक्ष म्हणाला, ‘मास्तर, तुमची पेन्शन जवळ आलीय, घरी आराम करा.’ माझी धाकटी मुलगी माझ्याशी बोलत नाही.

तो सुटला की कळव.

नियोज


कोक-जार, २७ ऑगस्ट

नियोज आके,

सुटून महिना झाला. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमच्यावर रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. मी तुम्हाला सोडवायला सांगितलं नव्हतं. अनारशीही आठ दिवस बोललो नाही. तिला काही फरक पडला नाही, ती आपली जेवायला वाढत राहिली. नवव्या दिवशी म्हणाली, ‘मौन संपलं असेल तर सरपण फोड.’

राखीव अधिकाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंय. खाणीचा माल बाळगल्याबद्दल. पदकं जमा केली. तेव्हा आता पाकिटावर मेजर लिहू नका.

गावाचं सांगतो. मी आलो तेव्हा रस्त्यावर होते-नव्हते ते घरात गेले. बेकतूर मात्र आला. कुऱ्हाड घेऊनच. फाटकात उभा राहून म्हणाला, ‘घरात जेवू घातलंत आणि आत बसून आम्हाला मूर्ख बनवलंत.’ मी म्हणालो, ‘हो.’ तो म्हणाला, ‘माफीसुद्धा मागणार नाही?’ मी म्हणालो, ‘नाही. फळीवर माझा मित्र होता. आणि ते उडालं असतं तर तुला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या असत्या, आणि तुझ्या आईला मी काय सांगणार होतो?’ त्याने वरच्या रांगेतली झाडं तोडली. चार वर्षांची, यंदा पहिल्यांदा फळ धरलेली. मी ओट्यावर बसून बघत होतो. अनारने माझा हात धरून ठेवला होता. घाम पुसत तो गेला तेव्हा रांगेत एकच झाड उरलं होतं. दमला म्हणून राहिलं की काय, कळलं नाही.

त्यानंतर आमच्या घरची पाणपाळीच बंद झाली. कलमातने यादीतून नाव उडवलं. समिती पुन्हा आली, तुमचं पत्र तिला मिळालं होतं. जाड्या चष्मेवाल्याला माझी बाग बघायची होती. मी त्याला बागेत नेलंच नाही, सरळ कलमातच्या गव्हात नेलं. ओंबी चुरून त्याच्या तळहातावर ठेवली. नुसतं फोल. म्हणालो, ‘माझा लेख इथे आणून पुरा.’ आता पुन्हा चार दिवस आमचे, चार तुमचे. दाराला दोन कुलपं आहेत, एक किल्ली इकडे, एक तिकडे. पाणी सोडायचं तर दोन्ही गावांच्या माणसांनी एकमेकांचं तोंड बघायचं. तुमच्या लोकांना ते टोचत असणार, आणि त्याची झळ तुम्हालाच लागत असणार, हे मला कळतं.

गावाला पाणी आलं, पण माझ्या चारीला नाही. मी आणि अनार झऱ्यावरून बादल्या आणून मडकी भरत होतो. सगळ्या झाडांना पुरणं शक्य नव्हतं. कोणतं जगवायचं, कोणतं सोडायचं, हे रोज सकाळी ठरवायचं. नियोज आके, मी युद्धावरही असं ठरवलंय, पण तिथे पानं सुकताना दिसत नाहीत. मोठ्या झाडांना मडक्यांनी भागत नाही, हेही कळलं. ते लिहितोय. या वेळी आधी तोट्याचंच लिहितोय.

परवा पहाटे हे पत्र लिहायला बसलो होतो, एवढ्यात चारीत आवाज आला. मला वाटलं, भास झाला. बाहेर आलो तर बागेच्या वरच्या टोकाला कलमात उभा, फावड्याने चारीचं तोंड मोकळं करत होता. पाणी पालापाचोळा ढकलत आत येत होतं.

मी म्हणालो, ‘कलमात आके, माझी पाळी नाही आज.’

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ‘ठाऊक आहे. माज करू नकोस. पाणी तुला नाही, झाडांना सोडलंय.’

तो बराच वेळ चिखल ओढत राहिला. मग तोडलेल्या रांगेकडे त्याची नजर गेली आणि फावडं थांबलं. ‘पोरगं माझं जिवंत आहे,’ एवढंच म्हणाला. ते मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. फावडं खांद्यावर टाकून निघाला आणि फाटकापाशी वळून ओरडला, ‘उभा काय राहिलास पुतळ्यासारखा? पाणी खालच्या वाफ्यात फुटलंय, बांध घाल!’

पत्र तसंच टाकून मी पळालो.

एरगेश